नवे वनस्पती उद्यान उभारताना: आधी नोंदवही, मग झाड

वनस्पती उद्यान म्हटले की डोळ्यांपुढे आधी काचघर येते, कमळांचे तळे येते, मोठाल्या झाडांखालून जाणारी पायवाट येते. तुम्ही नवे उद्यान उभारायला निघाला असाल तर या सगळ्याला अजून वेळ आहे. सगळ्यात आधी लागते ती नोंदवही.

दोन झाडे शेजारी शेजारी उभी आहेत असे समजा. एकाच प्रजातीची, एकाच वयाची, सारखीच डेरेदार. एकाचे बी कोणत्या डोंगरउतारावरून, कोणत्या तारखेला, किती झाडांखालून वेचले आणि त्याची ओळख कुणी पटवली, हे सगळे लिहून ठेवलेले आहे. दुसऱ्याबद्दल एक ओळही नाही. कुणीतरी कधीतरी आणून लावले, एवढेच. पहिले झाड अभ्यासाला कामी येते, आणि उद्या मूळ जंगलात रोपे परत न्यायची वेळ आली तर तिथेही. दुसरे सावली देते. सावली मोलाचीच, पण तिच्यासाठी साधी बागही पुरते. आज जगात तीन हजारांहून जास्त वनस्पती उद्याने आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसले की ज्ञात वनस्पती प्रजातींपैकी निदान ३० टक्के आणि धोक्यातल्या प्रजातींपैकी ४१ टक्के या उद्यानांत जिवंत आहेत. हे मोजता आले ते नोंदी होत्या म्हणूनच.

उद्देश एका पानात लिहा

कागद घ्या आणि हे उद्यान नेमके कशासाठी, ते एका पानात लिहा. पान पुरत नसेल तर विचार अजून पक्का झालेला नाही असे समजावे.

उद्देशावरून पुढचे सगळे ठरते. इटलीतल्या पादुआचे उद्यान १५४५ मध्ये सुरू झाले ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती ओळखता याव्यात म्हणून. साहजिकच तिथे छोटे छोटे वाफे आणि काटेकोर मांडणी आली. कोलकात्याजवळच्या शिबपूरचे उद्यान १७८७ चे. ईस्ट इंडिया कंपनीला व्यापारी पिके आणून, रुजवून बघायची होती, त्यामुळे तिथे मोठा विस्तार लागला. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला १९१३ साली कर्स्टनबॉश उभे राहिले आणि त्याने ठरवले की आपल्याच भूमीतल्या वनस्पती लावायच्या. तिघेही वनस्पती उद्यानेच, पण एकाचा नकाशा दुसऱ्याला चालणार नाही.

माझे मत विचाराल तर नव्या उद्यानाने सगळ्या जगातले थोडे थोडे गोळा करण्याचा मोह टाळावा. आसपासच्या एखाद्या वनस्पतीसमूहाची जबाबदारी नीट घ्यावी. समुद्रकाठची झुडपे असतील, एखाद्या डोंगररांगेतले वेल असतील, एखाद्या कुळातल्या सगळ्या स्थानिक प्रजाती असतील. दुसऱ्या कुणाकडे नसलेला पण पूर्ण नोंदी असलेला चाळीस प्रजातींचा संग्रह हा सगळीकडे दिसणाऱ्या हजार शोभेच्या झाडांपेक्षा जास्त उपयोगाचा.

जमिनीचा हक्क आणि चालू खर्च

हा भाग रुक्ष आहे, पण उद्याने बुडतात ती इथेच. झाडाचे आयुष्य शंभर-दोनशे वर्षांचे असते. जमीन पाच वर्षांच्या तोंडी आश्वासनावर मिळाली असेल तर एकही झाड लावू नका. मालकी किंवा दीर्घ मुदतीचा करार लेखी हवा, आणि उद्यान बंद पडले तर संग्रह कुणाकडे जाईल हेही त्यातच लिहिलेले हवे. उभारणीसाठी देणगीदार मिळतात. इमारतीवर नाव लागते. दर महिन्याचा माळ्यांचा पगार, पाणी, वीज, दुरुस्ती यासाठी मात्र कुणी चटकन पुढे येत नाही. म्हणून काचघराचे चित्र काढण्याआधी दहा वर्षांच्या चालू खर्चाचा तक्ता करा आणि देणगीचा एक भाग कायम ठेवीत टाकता येईल का ते पाहा.

जागा: वर्षभर नुसती बघा

जागा हातात आली की लगेच खोदकाम सुरू करू नका. सगळे ऋतू जाऊ द्या. पावसाचे पाणी कुठून येते, कुठे थांबते, वारा कोणत्या बाजूने झोडपतो, दुपारचे ऊन कुठे सर्वात कडक असते, थंडीत गार हवा कोणत्या खोलगट जागी साचते, हे सगळे नकाशावर टिपत जा. त्याच वर्षात जागेवर मुळातच काय उगवते त्याची यादी करा. कधी कधी ज्याला पडीक म्हणून नांगरायला निघालो होतो, तो गवताळ तुकडाच जागेवरचा सर्वात मौल्यवान भाग निघतो. तो तसाच राखला की उद्यानाचा पहिला संग्रह न लावताच मिळाला.

मातीची तपासणी एकाच ठिकाणी करून भागत नाही. उंच, मध्यम आणि सखल भागांतून वरच्या थराचे आणि दोन-तीन फूट खोलीचे वेगवेगळे नमुने घ्या. सामू (मातीची आम्लता, पीएच), क्षार, सेंद्रिय कर्ब आणि पोत तपासून घ्या. निचऱ्याची चाचणी घरच्या घरी होते. सुमारे ३० सेंटिमीटर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, ते पूर्ण मुरू द्या. मग पुन्हा भरा आणि पाणी तासाला किती उतरते ते मोजा. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर तिथे मुळे गुदमरतील. अशा जागी चर काढा, उंच वाफे करा, किंवा सरळ पाणथळ वनस्पतींनाच ती जागा द्या.

माती वाईट आहे म्हणून जागा लगेच नाकारू नये. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये २००१ साली खुला झालेला ईडन प्रकल्प चिनी मातीच्या बंद पडलेल्या खाणीत उभा आहे. तिथे माती नव्हतीच. खाणीतला टाकाऊ वाळू-मातीचा भराव आणि कुजवलेला सेंद्रिय माल मिसळून ती तयार करावी लागली. माती घडवता येते. पाणी मात्र घडवता येत नाही. सलग दोन वर्षे पाऊस कमी पडला तरी पुरेल असा स्रोत नसेल तर जागा कितीही सुंदर असली तरी सोडून द्या, किंवा कोरड्या प्रदेशातल्या वनस्पतींचेच उद्यान करा.

संग्रहाचे धोरण: काय घ्यायचे, काय नाकारायचे

धोरणाचा खरा उपयोग नाही म्हणताना होतो. उद्यान सुरू होतेय हे कळले की लोक प्रेमाने रोपे आणून देतात. आणणाऱ्याचे मन मोडवत नाही आणि दोन वर्षांत अर्धी जागा नाव-गाव नसलेल्या झाडांनी भरून जाते. धोरण लेखी असले की नकार माणसाला नसतो, नियमाला धरून असतो.

धोरणात चार गोष्टी हव्यात: कोणते गट प्राधान्याचे, प्रत्येक प्रजातीची किती झाडे, कोणत्या उगमाची सामग्री स्वीकारायची, आणि संग्रहातून झाड कधी व कसे काढायचे. संख्येचा प्रश्न हलका घेऊ नका. सायकॅड म्हणजे ताडासारखी दिसणारी, अतिप्राचीन गटातली झाडे. त्यांतल्या एनसेफालार्टोस वुडायचा एकच नर पुंजका १८९५ साली दक्षिण आफ्रिकेत सापडला. मादी आजवर कुणाला दिसलेली नाही. जगभरच्या उद्यानांत त्याची जी झाडे आहेत ती सगळी त्याच एका झाडाची पिल्ले, म्हणजे हुबेहूब नकला. प्रजाती जिवंत आहे, पण तिला बी धरता येत नाही. संवर्धनासाठी लावायचे तर वेगवेगळ्या मातृवृक्षांची अनेक झाडे हवीत, आणि नर-मादी वेगळी असणाऱ्या प्रजातींत दोन्ही हवीत.

आणखी एक चाळणी आक्रमक वनस्पतींची. इथे वनस्पती उद्यानांच्या परंपरेचा इतिहास चांगला नाही. मिकोनिया कॅल्व्हेसेन्स हे मोठ्या पानांचे देखणे झाड १९३७ साली ताहितीतल्या एका वनस्पती उद्यानात आणले गेले. आज त्या बेटाच्या दोन तृतीयांशाहून जास्त भागावर ते पसरले आहे. घाणेरीही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या उद्यानात शोभेसाठीच लावली होती. तेव्हा बाहेरून येणाऱ्या प्रत्येक प्रजातीबद्दल विचारा: ती दुसरीकडे कुठे पसरली आहे का? बी पक्षी नेतात का? तुकड्यातून फुटते का? शंका आली तर घेऊ नका.

जंगलातून बी आणताना

परवानगी आधी, पिशवी नंतर. १९९२ च्या जैवविविधता करारापासून प्रत्येक देशाचा आपल्या जैविक संपत्तीवर हक्क मान्य झाला आहे. २०१० मध्ये स्वीकारलेला आणि २०१४ पासून लागू झालेला नागोया प्रोटोकॉल त्या संपत्तीच्या वापरातून होणाऱ्या लाभाच्या वाटणीबद्दल आहे. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या, १९७५ पासून अमलात असलेल्या साइट्स करारात सर्व ऑर्किडे, सर्व सायकॅड आणि जवळजवळ सर्व निवडुंग येतात. परवान्याचा क्रमांक रोपाच्या नोंदीतच लिहायचा, कारण पुढे ते रोप दुसऱ्या उद्यानाला देताना त्याच अटी त्याच्याबरोबर जातात. आणि कागदी परवान्याच्या पलीकडे, त्या जंगलाच्या आधाराने राहणाऱ्या माणसांना विचारल्याशिवाय काही उचलू नये. झाडाबद्दल सर्वात जास्त माहिती बहुधा त्यांच्याकडेच असते.

वेचताना शक्य असेल तिथे निदान ५० वेगवेगळ्या झाडांखालून थोडे थोडे बी घ्या आणि त्या दिवशी तयार असलेल्या एकूण बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त घेऊ नका. बाकीचे जंगलाचे. प्रत्येक वेळी फुला-पानांसह एक फांदी दाबून वाळवा. हा हर्बेरियमचा नमुना म्हणजे ओळखीचा पुरावा. वीस वर्षांनी नावाबद्दल वाद झाला तर तो काढून पाहता येतो.

घरी आल्यावर बियांचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. काही बिया वाळवल्या की दीर्घकाळ टिकतात. बीजपेढीत त्या साधारण १५ अंश सेल्सिअस तापमानाला आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत वाळवून उणे २० अंशांवर ठेवतात. आंबा, फणस, ओक यांच्या बिया मात्र वाळल्या की मरतात. त्या आणल्या त्याच आठवड्यात पेरायच्या. त्यांच्यासाठी जिवंत झाड हीच तिजोरी.

नोंदवही: उद्यानाचा कणा

इथे थोडे रेंगाळतो, कारण बाकी चुका दुरुस्त होतात, ही होत नाही.

एका ठिकाणाहून, एका वेळी, एका प्रकारे आलेली एका प्रजातीची सामग्री म्हणजे एक नोंद. तिला एक क्रमांक: वर्ष आणि अनुक्रम. समजा, २०२५-००४७. त्या बियांतून बारा रोपे वाचली आणि तीन ठिकाणी लावली तर २०२५-००४७-अ, ब, क. तीच प्रजाती पुढच्या वर्षी दुसऱ्या डोंगरावरून आली तर क्रमांक नवा. क्रमांक कधीही पुन्हा वापरायचा नाही, झाड मेले तरी.

प्रत्येक नोंदीत शास्त्रीय नाव, कुळ, ओळख कुणी आणि कधी पटवली, सामग्रीचा प्रकार (बी, छाट, रोप), संख्या, गोळा करणाऱ्याचे नाव आणि त्याने गोळा करताना नमुन्याला दिलेला क्रमांक, तारीख, अक्षांश-रेखांश, उंची, आसपासच्या झाडीचे वर्णन, परवाना क्रमांक हे सगळे यावे. यातला सर्वात महत्त्वाचा रकाना उगमाचा. जगभर यासाठी साधी अक्षरखूण वापरतात: डब्ल्यू म्हणजे थेट जंगलातून, झेड म्हणजे जंगलातून आणलेल्या झाडापासून वाढवलेले, जी म्हणजे बागेतल्या उगमाचे, यू म्हणजे अज्ञात. अज्ञात असेल तर तसेच लिहा. अंदाजाने डब्ल्यू लिहिणे हे या कामातले सर्वात मोठे पाप आहे, कारण पुढचा प्रत्येक जण त्यावर विश्वास ठेवून चालतो.

उद्यानातच धरलेल्या बियांबद्दलही सावध राहा. एकाच प्रजातीसमूहातली झाडे शेजारी शेजारी लावली की मधमाश्या त्यांची सरमिसळ करतात. असे बी शुद्ध जंगली म्हणून कुणाला देऊ नका.

सुरुवातीला साधा एक्सेल तक्ता पुरतो. संग्रह वाढला की आयरिसबीजी किंवा बीजी-बेससारखी खास सॉफ्टवेअर आहेत. मात्र तक्त्याची प्रत उद्यानाबाहेर दुसरीकडे ठेवा, आणि रोप ज्या दिवशी येईल त्याच दिवशी नोंद करा. उद्या करू म्हटले की पावसात भिजलेल्या चिठ्ठीवरचे अक्षर पुसलेले असते.

रोपवाटिका आणि विलगीकरण

प्रवेशद्वाराआधी रोपवाटिका बांधा. शेडनेट, पाण्याची सोय, उंच बाके, खडी टाकलेली जमीन एवढ्यावर सुरू करता येते. कुंड्या थेट मातीवर ठेवल्या की मूळकुजीची बुरशी आणि सूत्रकृमी एकीकडून दुसरीकडे जातात, म्हणून खडी आणि बाके हवीतच.

रोपवाटिकेपासून दूर, पाण्याच्या उताराच्या खालच्या बाजूला विलगीकरणाची छोटी जागा ठेवा. बाहेरून आलेले प्रत्येक रोप तिथे निदान सहा आठवडे राहील. नवी पालवी फुटून पक्की होईपर्यंत ठेवले तर उत्तम. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड कोवळ्या पानांवर लवकर दिसतात. तिथली अवजारे तिथेच ठेवा, आणि माळ्याने दिवसाचे शेवटचे काम म्हणून तिथे जावे, पहिले म्हणून नव्हे.

माती सांभाळा, मग खड्डा खणा

१६ ऑक्टोबर १९८७ च्या वादळात लंडनच्या क्यू उद्यानातली सुमारे ७०० झाडे पडली. टर्नर्स ओक नावाचे १७९८ साली लावलेले झाड मुळांसकट उचलले गेले आणि पुन्हा त्याच जागी बसले. वादळाआधी ते खंगत चालले होते. काही वर्षांनी पाहिले तर ते पूर्वीपेक्षा टवटवीत. कारण शोधताना लक्षात आले की पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या पावलांनी दडपून घट्ट झालेली माती त्या हिसक्याने मोकळी झाली होती. त्यानंतर तिथे जुन्या झाडांखालची माती मुद्दाम भुसभुशीत करण्याचे काम सुरू झाले.

तुम्ही नवे उद्यान करताय, तेव्हा ही चूक मुळातच टाळू शकता. बांधकामाची वाहने कुठून जातील ते आधी ठरवा आणि बाकी जागेला कुंपण घाला. जागेवरच्या जुन्या झाडाभोवती, छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास असेल त्याच्या बारापट अंतरापर्यंत एकही चाक जाता कामा नये, विटा-वाळूचा ढीगही तिथे नको.

लागवडीचा खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद करा, पण खोल गोळ्याइतकाच. खोड जिथून मुळांकडे पसरते तो फुगीर भाग जमिनीच्या पातळीवर दिसला पाहिजे. तो पुरला गेला तर झाड वर्षानुवर्षे हळूहळू मरत राहते आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. कुंडीत गोल फिरलेली मुळे कापून सरळ करा. खड्ड्यात त्याच जागेची माती परत भरा. फार सुपीक भराव केला तर मुळे त्यातच घुटमळतात, बाहेर पडत नाहीत. वरून सात ते दहा सेंटिमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन, खोडापासून हातभर लांब. आधाराची काठी वर्षभरात काढून टाका.

मोठी रोपे लावून पहिल्याच वर्षी बाग भरलेली दाखवण्याचा दबाव येईल. त्याला बळी पडू नका. लहान रोप लवकर रुजते आणि काही वर्षांत त्या मोठ्या रोपाला गाठते.

वाटा, पाट्या, माणसे

मुख्य वाटेचा चढ वीस फुटांना एक फुटापेक्षा जास्त नको आणि रुंदी दोन चाकखुर्च्या समोरासमोरून जातील इतकी, म्हणजे सुमारे १.८ मीटर हवी. बाकी वाटा काही महिने आखूच नका. लोक कुठून चालतात ते पाहा आणि तिथे वाट करा.

पाट्या दोन प्रकारच्या लागतात. प्रत्येक रोपावर क्रमांक उठवलेली ॲल्युमिनियमची छोटी पट्टी, ती फक्त कर्मचाऱ्यांसाठी. बघायला येणाऱ्यांसाठी दुसरी: स्थानिक नाव मोठ्या अक्षरात, खाली शास्त्रीय नाव, कुळ आणि मूळ प्रदेश. पट्टी खोडाला घट्ट तारेने बांधू नका, झाड वाढले की तार सालीत रुतते. स्प्रिंगचा स्क्रू वापरा किंवा फांदीवर सैल अडकवा. पाट्या हरवतात, म्हणून प्रत्येक झाडाची जागा नकाशावरही हवीच.

भरतीत पहिला माणूस नोंदी ठेवणारा, दुसरा अनुभवी माळी. वनस्पतिशास्त्राची पदवी उपयोगी आहेच, पण कोणत्या प्रजातीची छाट कोणत्या महिन्यात धरते हे ज्याच्या हाताला माहीत आहे तो माणूस सहज मिळत नाही. त्याचे ज्ञान त्याच्याकडून ऐकून लिहून घेणे हेही नोंदीचेच काम समजा.

उद्यान टप्प्याटप्प्याने उघडा. एक भाग पूर्ण तयार, पाट्या लागलेल्या, वाटा चालण्याजोग्या, एवढे झाले की लोकांना येऊ द्या. बाकीचा वाढत राहील. शाळेतल्या मुलांना मात्र पहिल्या दिवसापासून बोलवा, रोपवाटिकेतसुद्धा.

दुसऱ्या बागेत जोडझाडे, आणि वार्षिक गणती

दुर्मीळ प्रजातीची सगळी झाडे एकाच आवारात ठेवू नका. आग, वादळ किंवा एक रोग पुरतो. अमेरिकेतल्या जॉर्जियात अल्टामाहा नदीकाठी १७६५ साली बार्ट्रम पितापुत्रांना एक पांढऱ्या फुलांचे झुडूप दिसले, ज्याला आज फ्रँकलिनिया म्हणतात. पुढे त्यांनी बी आणून ते आपल्या बागेत वाढवले. १८०३ नंतर जंगलात ते कुणाला दिसले नाही. आज जगात असलेले प्रत्येक फ्रँकलिनिया त्यांच्याच झाडांचे वंशज. ते इतरांना वाटले नसते तर आज हे फूल फक्त वर्णनात उरले असते. तेव्हा रोपे तयार झाली की निदान दोन विश्वासू उद्यानांना नोंदींसकट द्या.

आणि दर वर्षी एकदा, नोंदवही हातात घेऊन, पूर्ण उद्यान पायी फिरा. प्रत्येक क्रमांकापुढे: जिवंत, आजारी, फुलले, फळले, दिसत नाही. मेलेल्या झाडाची ओळ खोडू नका. त्यापुढे तारीख लिहा आणि कारण लिहा: पाणी साचले, वाळवी, जागा चुकली, कळले नाही. पुढच्या खेपेला तीच प्रजाती लावताना तुमच्या जागी कदाचित दुसराच कुणी असेल आणि तो सर्वात आधी हीच ओळ शोधेल.